गुळगुळीत अंगठे

यंत्राने तिसऱ्यांदा तोच बारीक, चिडका आवाज केला, तेव्हा काउंटरपलीकडच्या पोरीने तेयोचा अंगठा काचेवरून उचलला आणि डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दुकान धड कशाचंच नव्हतं: पार्सलं पाठवा, किल्ल्या बनवून घ्या, वाढदिवसाचे फुगे न्या, आणि सरकारला बोटांचे ठसे द्यायचे असतील तर तेही इथेच द्या. तेंचाचं, त्याच्या बायकोचं, हां हां म्हणता आटोपलं होतं. मांडीवर पर्स घेऊन ती मागे फुग्यांखालच्या खुर्चीत बसली होती आणि दर वेळी तो आवाज आला की पर्सचा चाप उघडून मिटत होती. पोरीने त्याच्या बोटांना क्रीम चोळलं, पुसलं, दाबलं. ओल्या रुमालाने पुसलं, पुन्हा दाबलं. एकेक बोट या कडेपासून त्या कडेपर्यंत लाटण्यासारखं लोळवलं. पडद्यावरच्या चौकोनांत पांढरे लंबगोल उमटले, सोललेल्या उकडलेल्या अंड्यांसारखे. एक रेघ दिसेल तर शपथ. "आजोबा, बोटांचं केलंत काय हो?" पोरीने विचारलं. ती काही कुचेष्टेने बोलली नव्हती, तिला खरंच नवल वाटलं होतं. तेयो म्हणाला, "काम." रांगेत मागे कुणीतरी हसलं. अंगठाछाप माणसाला निदान अंगठा तरी असतो, हे तेयोच्या मनात आलं आणि मग बराच वेळ दुसरं काही येईना. पोरीने सांगितलं, हे असंच पाठवलं तर परत येणार. तीन आठवडे हातांना काही करू देऊ नका, रेघा पुन्हा उगवतात, मग या. उगवतात म्हणाली. जणू कोथिंबीरच.

परतताना गाडी तेंचाने चालवली. एरवी ती चालवत नसे. तेयो दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसला, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू सांभाळायला दिल्यासारखे. ईस्ट लॉसचे, म्हणजे लॉस एंजेलिसच्या पूर्व भागाचे, ओळखीचे रस्ते बाजूने सरकत होते, टायरवाला, फळवाला, बेकरी, आणि त्याला वाटत होतं की आपण या सगळ्याला कधी हात लावला असेल तर त्याची कुठेच खूण राहिलेली नाही. त्याला काही स्वतःचं पडलं नव्हतं. नायेलीचं काय? नायेली ही त्यांच्या येसेनियाची मुलगी, चार वर्षांची. येसेनिया, त्यांची एकुलती एक, एका सुपरमार्केटच्या वाहनतळावर गाडीच्या स्टिअरिंगवर डोकं टेकून निपचित पडलेली सापडली होती, बाहीची गुंडी सुटलेली, मांडीवर नशेची सुई. मागच्या सीटवर पट्ट्यात अडकवलेली नायेली बिस्किटांचा पुडा खात बसली होती. ती रडलीसुद्धा नव्हती, हे पोलिसाने दोनदा सांगितलं, चांगली गोष्ट सांगावी तसं. आता येसेनिया काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोठडीत होती आणि पोरगी डोंगरापलीकडे, वाळवंटाच्या अंगाला, पामडेलमध्ये एका परक्या कुटुंबाकडे. माणसं भली होती, पोहायचा तलाव होता, आणि पोरगी त्यांना कायमची हवी होती. काउंटीची बाई, मिस टॉली, हिने कायदा नीट समजावून सांगितला होता: घरात जितकी मोठी माणसं राहतात तितक्या सगळ्यांचे ठसे तपासून पास व्हायला हवेत, तर पोर त्या घरात. महिनाअखेरीला न्यायाधीश निकाल देणार. ठसे दुसऱ्यांदाही उठले नाहीत तर मग नावावरून शोध घेतात, त्याला महिनोन् महिने लागतात, आणि न्यायाधीश काही तेयोच्या अंगठ्यासाठी थांबणार नव्हते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

हातांची ही दशा एका दिवसात झाली नव्हती. तरुणपणी व्हर्ननच्या एका कारखान्यात तो सायलेन्सरचे पाइप वाकवायला लागला, तिथे प्रोस्पेरो नावाचा एक म्हातारा होता, मेक्सिकोतल्या ताश्कोकडचा, मूळचा चांदीचा कारागीर. पोट भरायला स्टेनलेस स्टीलवर आला होता आणि स्टीललाही चांदीचाच मान देत असे. आधी कानशीने वेल्डिंगचा सांधा उतरवायचा, मग जाड पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, मग त्याहून, दर कागद आधीच्याला आडवा फिरवायचा, आधीची एकूण एक रेघ मरेपर्यंत. मग फडकं आणि साबणासारखी हिरवी वडी. इथे बाकीचे थांबत. म्हातारा तिथून सुरू होई. फडक्याचीही वेटोळी उन्हात दिसतात म्हणायचा, आणि लाल भुकटी चिमूटभर घेऊन उघड्या अंगठ्याने नळी चोळत बसायचा, तास तास, बाळाच्या टाळूला तेल जिरवावं तसा. शेवटचं फडकं म्हणजे आपली कातडी. तेयोने हे उचललं आणि पुढे घरच्या गॅरेजमध्ये स्वतःचं काम मांडलं, तेव्हा त्याचं नाव झालं ते याच शेवटच्या हातामुळे. रविवारी व्हिटियर बुलेव्हार्डवर जमिनीला पोट लावून सरपटणाऱ्या त्या रंगीत, मिजासखोर गाड्यांतल्या निम्म्यांची धुराडी त्याच्या अंगठ्याखालून गेलेली असत. त्याच्या पाइपात तोंड बघून लोक मिशा पिळत. मशीन लावून दिवसात चार पाइप झाले असते, त्याचा आठवड्यात जेमतेम एक होई. मशीन सगळ्यांना एकाच मापाने खातं, असं तो म्हणे. आता बोला. मशीनने बोटं तरी राहिली असती.

आणि त्या कामातली एक गोष्ट अशी होती की ती या दिवसांत त्याला छळायला लागली. जाड कागदाचा एखादाच ओरखडा खाली राहून गेला, तर मधे कुठल्याही पायरीला तो दिसत नाही. सगळं चकचकीत होतं, आरसा होतो, आपण सुटलो म्हणून पाठ सरळ करतो, आणि तेव्हा तो वर येतो. मग इलाज एकच, पुन्हा पहिल्या कागदापासून. तेयो अंथरुणात पडून मनातल्या मनात येसेनिया घासत बसे. तिची शाळा, तिचा पहिला झगा, पंधराव्या वाढदिवसाला सगळ्या गाड्यांची मिरवणूक निघाली होती, ती पुढच्या गाडीच्या टपावर बसून हात हलवत होती, सगळं लखलखीत. कुठे राहिला होता ओरखडा? गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पातळ भिंत होती. त्या भिंतीपलीकडे त्याची मुलगी वाढली. तिचं बोलणं, हसणं, खुर्ची सरकवणं, एका वर्षी सारखं सारखं नळ सोडून रडणं, हे सगळं त्याने भिंतीतून ऐकलं होतं आणि त्याचा अंगठा एकदाही थांबला नव्हता. त्याला वाटायचं, हे घर चांगलं आहे, आवाज येतात म्हणजे घर भरलेलं आहे. आता मात्र वेगळंच मनात येई, आणि ते मनात आलं की तो कूस बदले: या भिंतीपलीकडे आणखी एक पोर आणून ठेवायची, हे आपल्याला नक्की हवं आहे का? त्या तलाववाल्या घरात भिंती कशा असतील? हा विचार त्याने तेंचाला सांगितला नाही. स्वतःलाही अर्धाच सांगितला.

तीन आठवडे हातावर हात धरून बसायचं. हे काम त्याला जमण्यासारखं नव्हतं. तेंचा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. निघण्यापूर्वी ती गाईच्या सडांना लावतात ते पिवळं मलम त्याच्या बोटांवर थापे आणि वर पांढरे सुती हातमोजे चढवी. त्याचा सोबती चेमा, त्याने नायेलीला बाप्तिस्म्याला धरलं होतं म्हणून आता कोंपाद्रे, धर्माच्या नात्याने भाऊच, रस्त्याच्या टोकाला गाड्या रंगवायचा. तो आला आणि दारातच कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "पहिल्या कम्युनियनला चर्चमध्ये निघालीस होय गं?" तेयोचे पांढरे मोजे बघून म्हणाला. मग खुर्ची ओढून बसला आणि हळू आवाजात, अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "कोंपाद्रे, एक बँक लुटू या. नुकसान काय तुझं? तू आत गेलास की कुणी आत गेलंच नाही." तेयो हसला. हसताना त्याला जाणवलं की आपण आत गेलो की कुणी आत जातच नाही, हे काही फक्त बँकेचं नाही. चेमाच्या गिऱ्हाइकांचे दोन पाइप आले होते, ते तसेच परत पाठवले. पण हात ऐकतात थोडेच? जेवताना टेबलाखाली काहीतरी चाललेलं तेंचाच्या लक्षात आलं. पाहते तर उजव्या हाताचा मोजा काढलेला आणि स्टीलचा चमचा अंगठ्याखाली फिरतोय. त्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेबलावर प्लॅस्टिकचे चमचे होते, दाराच्या पितळी मुठीला फडकं गुंडाळलेलं होतं, आणि त्याच्या पट्ट्याचं बक्कलसुद्धा तिने गायब केलं होतं. तो नाडीची विजार घालून घरभर फिरे, आजाऱ्यासारखा.

पण रेघा आल्या. आधी नुसती खाज सुटली, मग एका सकाळी खिडकीत तिरपा हात धरला तर अंगठ्याच्या पोटावर काहीतरी होतं, पहिल्यांदा नांगर फिरलेल्या जमिनीसारखं, पुसट, वळत वळत आत जाणारं. तो बराच वेळ पाहत राहिला. हा आपला अंगठा? तरुणपणी कधीतरी असा असणार, पण तेव्हा कोण बघतो! त्याने दुधाच्या पेल्यावर तो दाबला आणि उजेडात धरला. गर्दीतून कुणी परका माणूस येऊन आपल्यालाच हाक मारतो तसं त्याला झालं. तेंचाने पेला बघितला आणि तोंडाला पदर लावावा तसा ओट्यावरचा रुमाल तोंडाला लावला. तो पेला तिने धुतला नाही, खिडकीत ठेवून दिला. त्या दिवशी पहिल्यांदा दोघांनी नायेलीसाठी राखलेली खोली उघडली, पलंग भिंतीपासून हलवला, आणि गादी उन्हात टाकली.

ठसे पुन्हा द्यायचे त्याच्या आदल्या दिवशी काउंटीच्या कचेरीत भेट होती. सकाळची वेळ, खेळण्यांची खोली, कोपऱ्यात मिस टॉली मांडीवर काही लिहीत बसलेली. नायेलीला कुणीतरी केस अगदी आवळून बांधून पाठवलं होतं, त्यामुळे तिचे डोळे थोडे ताणल्यासारखे दिसत होते. ती तेंचाच्या मांडीवर चढली पण तेयोकडे आली नाही. लांबूनच त्याचे मोजे बघत राहिली. त्याने मोजे काढले. तेव्हा ती आली, त्याचा अंगठा मुठीत धरला आणि तपासल्यासारखा दाबला. मग विचारलं, "वेलो, माझा हात आहे का अजून गाडीवर?" आजोबाला ती वेलो म्हणे. तेयोला क्षणभर कळेना, मग कळलं. त्याची स्वतःची गाडी, जुनी हिरवी इम्पाला, तिच्या दाराखालून दोन्ही अंगांना धुराड्याची स्टीलची नळी जाते, पोरांच्या हाताला येईल अशी. दोन वर्षांची असताना नायेलीने ताज्या पॉलिशवर पंजा उमटवला होता. या धंद्यात नवशिक्यालाही माहीत असतं की इंजिन सुरू करण्याआधी नळी स्पिरिटने पुसायची, कारण बोटाचं तेल तापलं की स्टीलमध्ये भाजून बसतं. त्या रविवारी तेयो पुसायला विसरला. बुलेव्हार्डचा फेरा मारून आला तर दाराखाली पाच बोटं, मधासारखी पिवळी, कडेला जांभळी निळी. चेमा म्हणाला होता, लोक गाडीवर ग्वादालुपेची माउली रंगवून घेतात, तू माकडाचा पंजा काढलास. तेयोने तो तसाच ठेवला. दर वेळी नळी चोळताना तो पंजाला वळसा घालून जाई. "आहे की," तो म्हणाला. "जाईल कुठे? तू घरी आलीस की लगेच दाखवतो." नायेलीने मान डोलावली आणि त्याचा अंगठा सोडला.

तेंचा तिथूनच कामावर गेली. तेयो बसने घरी आला. वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता, ऑक्टोबरात सुटतो तो, ओठ फाडणारा, सगळीकडे बारीक धूळ. गॅरेजचं दार त्याने वर केलं आणि धूळ आत यायला लागली म्हणून पुन्हा ओढून घेतलं. इम्पालावरची चादर काढली. पंजा होता. पण तीन आठवडे कुणी हात न लावल्यामुळे नळीवर साय धरली होती, आणि त्या मळकटपणात पंजा असा बुडाला होता की माहीत नसलेल्याला डाग वाटावा. पोरगी येईल, पळत येईल, वाकून बघेल, आणि तिला काय दिसणार? तो वाकला. मोजा घातलेल्या हातानेच पुसून पाहिलं, मोज्याचा धागा अडकून ओढ पडली, वेटोळी उठली. हे काही बरोबर नाही. नुसतं भोवतीनं करायचं, पंज्याला धक्का न लावता, वीतभर इकडे आणि वीतभर तिकडे, की मधे तो सोन्यासारखा उठून दिसेल. डाव्या हाताने करू, उजवा राखून ठेवू, असं त्याने स्वतःला बजावल्याचं त्याला पुढे आठवत होतं. लाल भुकटीची डबी कुठे आहे हे हाताला माहीत होतं. पालथ्या बादलीवर तो बसला, याच बादलीवर नायेली बसत असे, तिच्या आधी येसेनिया. चिमूटभर भुकटी, थेंबभर तेल. पहिला वळसा दिला आणि तीन आठवड्यांनी त्याने श्वास सोडला.

गार स्टील आधी अंगठ्याला विरोध करतं, नको नको म्हणतं, मग हळूहळू ऊब धरतं, आणि मग कातडी कुठे संपते आणि नळी कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. भिंतीपलीकडे घर गप्प होतं. इतकं गप्प की त्याला त्यातून आवाज ऐकू यायला लागले. नळ सुटला. खुर्ची सरकली. येसेनिया सहावीत असेल, दाराशी येऊन उभी राहिलेली, बाबा, एक सांगू? आणि तो म्हणालेला, हे एवढं होऊ दे. हे एवढं. ते एवढं झालं तेव्हा दारात कुणी नव्हतं. काय सांगायचं होतं तिला? मांजर व्यायली होती? शाळेत कुणी काही बोललं होतं? काहीच नसेलही. कदाचित काहीच नसेल आणि तेच तिला सांगायचं असेल. तो जोर लावत नव्हता, या कामात जोर लावायचाच नसतो, नुसतं थांबायचं नसतं. वारा दाराच्या पत्र्यावर डोकं आपटत होता. त्या वाहनतळावर ऊन किती असेल, गाडीच्या काचा वर होत्या, बिस्किटाचा पुडा संपत आला असेल आणि पोरगी रडली नाही. पोरं का रडत नाहीत? कुणी येणार नाही हे ठाऊक असलं की रडत नाहीत. हे एवढं होऊ दे. डावा हात दमला तेव्हा उजवा आपोआप पुढे आला, जसा तो जन्मभर येत होता, आणि तेयोने त्याला अडवलं नाही, कारण अडवायला तिथे कुणी नव्हतंच. नळी उजळत चालली. तिच्यात गॅरेजचा दिवा आला, वासे आले, पालथ्या बादलीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याचं लांबट, वाकडं तोंड आलं. तो त्या तोंडाला चोळत राहिला. एवढं त्याला हवं होतं, एवढं लख्ख, की आत काहीच उरू नये.

दाराच्या फटीतलं ऊन नारिंगी झालं तेव्हा तो थांबला. पाठ सरळ केली. नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी होती. त्याने खाली वाकून पाहिलं, डोकं तिरपं करून पाहिलं, दिवा हातात घेऊन पाहिला. पंजा नव्हता. मग त्याने आपले अंगठे उलटे करून दिव्याखाली धरले. तेही तसेच होते, गुळगुळीत, लाल, दिव्याखाली चमकणारे. तो स्वयंपाकघरात गेला, खिडकीतला दुधाचा पेला घेतला, त्यावरचा वाळलेला ठसा आणि आपला अंगठा आळीपाळीने पाहिला, आणि पेला पुन्हा जागच्या जागी ठेवला.

तेंचा आली ती थेट गॅरेजमध्ये. लाल भुकटीचा वास तिला रस्त्यावरूनच आला असणार. तिने आधी गाडी पाहिली, मग त्याचे हात. तो कल्पना करत होता की ती किंचाळेल, हातात येईल ते फेकून मारेल, आणि तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं. ती कामाचा झगा न बदलता बादलीवर बसली. तिला तो सगळं सांगू लागला, पोरीने काय विचारलं, मळ किती बसला होता, डाव्या हाताने करणार होतो. सांगता सांगता त्यालाच ते खोटं वाटायला लागलं. मी मुद्दाम केलं का गं, असं त्याने विचारलं. तिने बुटाची नाडी सैल केली आणि म्हणाली, "म्हाताऱ्या, कायद्यात घरात राहणारी माणसं म्हटलंय."

त्याला समजायला वेळ लागला. मग समजलं. घरात तोच राहिला नाही तर कुणाचे ठसे राहिले? तेंचाचे, ते पास झालेले.

"हे तुला आज सुचलं?"

"मिस टॉलीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तुम्ही एकट्या असतात तर पोर केव्हाच घरी आली असती म्हणाली." तेंचा आपल्या बुटांकडे बघत होती. "मी म्हटलं, माझा माणूस कुठे जाईल? येतील म्हटलं त्याच्या रेघा."

"मला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू लगेच गेला असतास," ती म्हणाली. "आणि तुला सुटल्यासारखं वाटलं असतं. ते मला बघायचं नव्हतं."

इतकी वर्षं ती भिंतीच्या त्या बाजूला होती आणि तिला तेयोच्या मनातलं अर्धंच नाही, पूर्ण ऐकू येत होतं. त्याने कपड्यांची पिशवी भरली. तेंचाने लपवलेलं पट्ट्याचं बक्कल आणून दिलं. मलमाचा डबाही पिशवीत टाकला, मग काय वाटलं कोण जाणे, काढून घेतला. चेमाने रंगाच्या दुकानामागची खोली उघडून दिली आणि एकही थट्टा केली नाही, यावरूनच तेयोने काय ते ओळखलं.

नायेली त्याच आठवड्यात घरी आली. तेयोने ती येताना पाहिली नाही. त्याला घरात राहायची परवानगी नव्हती. रविवारी, तेंचासमोर, अंगणाबाहेर भेटायला हरकत नाही असं मिस टॉली म्हणाली होती. रविवारी दुपारी त्याने इम्पाला दारासमोर आणून लावली, इंजिन बंद केलं आणि नळी निवेपर्यंत फुटपाथच्या कडेला उभा राहिला, पाहुणा उभा राहतो तसा. आतून मिरच्या भाजल्याचा वास येत होता. तेंचा पोरीला जेवायला बसवण्याच्या तयारीत असणार, कारण नायेली पळत आली ती ओले हात झग्याला पुसत पुसत, मागून तेंचाची हाक, अगं हात नीट पूस. केस आज मोकळे होते. ती त्याच्या पायाशी आलीच नाही, सरळ गाडीच्या दाराखाली उकिडवी बसली. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने नळी पाहिली. पलीकडच्या बाजूला जाऊन तिकडची पाहिली. परत आली. तिला नळीत फक्त तिचंच तोंड दिसलं असणार.

"तू म्हणालास, आहे."

"होता," तेयो म्हणाला. "माझ्याकडून पुसला गेला."

ती रडेल म्हणून तो वाट पाहत राहिला. ती रडली नाही. तिने विचार केला, मग उजवा हात उघडला, बोटं शक्य तितकी फाकवली आणि पंजा नळीवर दाबून धरला, जीभ दातांत धरून, सगळं अंग त्या हातावर टाकून. नळी एव्हाना गार होती. तिने हात उचलला तेव्हा तिथे पाच बोटं होती, स्पष्ट, ओली. "झाला," ती म्हणाली. "आता तापव." ही गोष्ट तिला पाठ होती, त्यानेच शंभरदा सांगितलेली: गाडी फिरवून आणल्याशिवाय पंजा पक्का होत नाही. तेयो बोटांकडे पाहत होता. ताजे धुतलेले हात. साबणाने तेलाचा कणही ठेवला नव्हता. ते नुसतं पाणी होतं, आणि करंगळीकडून ते आत्ताच आटायला लागलं होतं. हे पोरीला काय सांगायचं, कुठल्या शब्दांत? दारात तेंचा येऊन उभी होती. त्याला वाटलं, तेंचाने बोलवावं, निदान पायरीवर बस म्हणावं. पण तिला तसं म्हणायची परवानगी नव्हती.

"थोडा वेळ थांबतो ना," तो म्हणाला. "तुझं जेवण होऊ दे."

"नाही. पुसला जाईल." नायेलीने त्याची पँट ओढून त्याला गाडीच्या दाराकडे ढकललं. "जा ना, वेलो. लवकर जा."

तो गाडीत बसला. किल्ली फिरवली. बुलेव्हार्डवर रविवारची गर्दी सुरू झाली होती, कुणी हात केला, कुणी हॉर्न वाजवला, चेमाच्या दुकानावरून तो पुढे गेला आणि थांबला नाही, कारण थांबलं असतं तर उतरून बघावं लागलं असतं. नळी आता चांगली तापली असेल. पाणी कोपऱ्यावरच उडून गेलं असेल, हे त्याला माहीत होतं. तरी तो गाडी अगदी हळू, खड्डा चुकवत, वळणावर जपून नेत राहिला, मागच्या सीटवर पोर झोपलेलं असावं तशी.